‘असेल तर’ आणि ‘असता तर’

आमच्या घरी रविवारी सकाळी पोहे होतात आणि पोहे होईपर्यंत नातीचा राहिलेला गृहपाठ होतो. मध्यंतरी अशाच एका रविवारी तिने वही माझ्यापुढे धरली. इंग्रजीच्या बाईंनी ‘मी पक्षी असते तर’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. तिची पहिलीच ओळ होती, ‘इफ आय वॉज अ बर्ड’. बाईंनी ‘वॉज’ लाल शाईने खोडून वर ‘वेअर’ लिहिले होते आणि सगळे पुन्हा लिहून आणायला सांगितले होते.

“आबा, ‘आय’ म्हणजे मी एकटीच ना? मग ‘वेअर’ कसं? ‘वेअर’ तर ‘वुई’ला आणि ‘दे’ला लागतं. बाई चुकल्या का?”

बाई चुकल्या नव्हत्या. तेवढे मी तिला सांगितले. पुढचे मात्र पोहे गार झाले तरी सांगता येईना. या एका ‘वेअर’शी माझा एक जुना हिशेब आहे. छत्तीस वर्षे बँकेत काढली, सगळी खाती जुळवून निवृत्त झालो, तेवढा हा एक हिशेब जुळायचा राहिला. तो आज मांडणार आहे. पण आधी नातीच्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, कारण प्रश्न फार चांगला आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांना तो शाळेत पडूनही आपण विचारलेला नाही.

‘इफ आय वेअर’ मधला ‘वेअर’ हा अनेकवचनी नाहीच. तो दिसतो मात्र तसा. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाची दोन वेगळी कुळे होती. एक, घडलेली गोष्ट सांगणारे. दुसरे, मनातली, कल्पनेतली, इच्छेतली गोष्ट सांगणारे. ‘मी होतो’ यासाठी एक रूप आणि ‘मी असतो तर’ यासाठी दुसरे. हे दुसरे रूप एकवचनातही ‘वॅरे’ असे काहीसे होते. काळाच्या ओघात इंग्रजीने शब्दांचे शेवट झिजवून टाकले आणि बाकीच्या क्रियापदांची ही दोन्ही भूतकाळी रूपे एकमेकांत मिसळून गेली. ‘इफ ही केम’ यातला ‘केम’ कोणत्या कुळातला, हे आता नुसत्या रूपावरून ओळखता येत नाही. फक्त ‘असणे’ या एका क्रियापदाने, आणि तेही ‘मी’ व ‘तो-ती-ते’ यांच्यापुरतेच, आपले जुने रूप जपून ठेवले. वाडा पडून गेला, तुळशीवृंदावन तेवढे उभे राहिले, असा हा प्रकार. नेमके ते अनेकवचनासारखे दिसते. २००२ साली केंब्रिजने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या जाडजूड व्याकरणग्रंथात हडलस्टन आणि पुलम या व्याकरणकारांनी तर या ‘वेअर’ला वेगळे नावच दिले आहे. मराठीत सांगायचे तर ‘अवास्तवाचा वेअर’.

त्याचे काम एकच. जे सांगतो आहे ते खरे नाही, हे सांगणाऱ्याला ठाऊक आहे, अशी खूण करणे. ‘इफ आय वेअर यू’ म्हणजे मी तुझ्या जागी असतो तर. पण मी तुझ्या जागी नाही, आणि हे दोघांनाही माहीत आहे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीतिकेतला गरीब दूधवाला आपण श्रीमंत असतो तर काय केले असते, ते गाऊन सांगतो. त्या गाण्याच्या शीर्षकातच ‘वेअर’ आहे. त्याच्याजवळ पैसा नाही हे त्या एका शब्दाने कळते.

मराठी माणसाला हे अवघड वाटू नये. आपल्या शाळेतल्या व्याकरणाने क्रियापदाचे चार अर्थ शिकवले आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. परीक्षेपुरते पाठ करून आपण ते विसरलो, पण जीभ विसरलेली नाही. ‘देव तुझे भले करतो’ आणि ‘देव तुझे भले करो’ यांतला फरक आपल्याकडे निरक्षर आजीलाही कळत होता. माझे वडील स्वातंत्र्याच्या आधी शाळेत होते. तेव्हा ‘गॉड सेव्ह द किंग’ म्हणावे लागे. ‘गॉड’ एकवचनी, मग ‘सेव्ह’ला ‘एस’ का नाही, असे त्यांनी मास्तरांना विचारले आणि हातावर छडी खाल्ली. मास्तरांना उत्तर येत नसावे. उत्तर सोपे होते: तिथे ‘रक्षण करतो’ असे म्हणायचेच नाही, ‘रक्षण करो’ असे म्हणायचे आहे. तो ‘वेअर’चाच भाऊ. एक भाऊ नसलेले सांगतो, दुसरा व्हावेसे वाटणारे मागतो. आपले पसायदान घ्या. जवळजवळ सगळे मागण्याच्या क्रियारूपांवर उभे आहे. तिथे ‘होते’, ‘आहे’ अशी खबर देणारी रूपे घातली तर प्रार्थनेचा अहवाल होईल.

बँकेत हा दुसरा भाऊ आम्हाला रोज भेटे. संचालक मंडळाच्या ठरावात ‘रिझॉल्व्ह्ड दॅट द लोन बी सँक्शन्ड’ असे लिहिलेले असे. नव्या कारकुनांना तिथला ‘बी’ छपाईची चूक वाटायची. मराठीत तोच ठराव ‘कर्ज मंजूर करण्यात यावे’ असा होतो, आणि ‘यावे’ कुणालाही चूक वाटत नाही. ‘मॅनेजर इन्सिस्ट्स दॅट द कस्टमर बी प्रेझेंट’ म्हणजे खातेदाराने हजर असावे असा साहेबांचा आग्रह आहे. ‘बी’च्या जागी ‘इज’ घातला तर अर्थ होतो, खातेदार हजर आहे असे साहेब ठासून सांगत आहेत. एक शब्द बदलला आणि बाहेर असलेला माणूस आत आला. हा विनोद नाही. माझ्या बाबतीत आत असलेला माणूस बाहेर गेला, ते आता सांगतो.

साल १९८६. मी सत्ताविशीतला, नुकताच अधिकारी झालेला, तालुक्याच्या गावच्या शाखेत. मराठी माध्यमात शिकलेलो, ए-बी-सी-डी पाचवीत गिरवलेली. बँकेचा कागद मात्र सगळा इंग्रजीत. आपले इंग्रजी कच्चे आहे ही बोच आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या खिशात पेनाबरोबर असे. मी रात्री कंदिलाच्या काचेसारखे घासूनपुसून इंग्रजी स्वच्छ करीत असे. असेच एक शुद्ध इंग्रजीचे पुस्तक रद्दीच्या दुकानातून आणले होते. त्यातून एक नियम मी माझ्या पद्धतीने उचलला: ‘इफ’ आला की मागोमाग ‘वेअर’. ‘वॉज’ लिहितात ते गावठी.

हा नियम चुकीचा आहे, हे कळायला मला पुढे वर्षे लागली. ‘इफ’नंतर ‘वॉज’ही येतो, आणि तिथे तोच हवा असतो. ‘काल मी आपल्याशी उद्धटपणे बोललो असेन तर क्षमा करा’ हे इंग्रजीत ‘वॉज’नेच सांगावे लागते, कारण मी तसा बोललो असण्याची शक्यता मी कबूल करतो आहे. तिथे ‘वेअर’ घातला तर मी उद्धट नव्हतोच असे सुचते, मग क्षमा कशाची? ‘तो आजारी आहे का, असे त्यांनी विचारले’ या वाक्यातल्या ‘इफ’शी तर कल्पनेचा संबंधच नसतो. थोडक्यात, ‘वॉज’ म्हणजे असेल तर, आणि ‘वेअर’ म्हणजे असता तर. माहीत नाही आणि नाही हे माहीत आहे, या दोन गोष्टींत एका माणसाच्या अब्रूएवढे अंतर पडू शकते.

बाजाराचा दिवस होता. शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी रोकड मोजली तेव्हा पन्नासच्या नोटांचे एक पुडके कमी आले. शंभर नोटा, पाच हजार रुपये. माझ्या तेव्हाच्या काही महिन्यांच्या पगाराइतकी ती रक्कम. कॅशियर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सारी शाखा त्यांना काका म्हणे. पुन्हा पुन्हा मोजले, कपाटामागे पाहिले, टेबलांचे खण उपसले. पुडके सापडले नाही. नियमाप्रमाणे काकांनी पैसे भरले. कुठून आणले ते त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

मग अहवाल. तो लिहायचे काम माझ्याकडे आले. दीड वाजण्याच्या सुमारास एक अनोळखी माणूस पिंजऱ्यापाशी घुटमळत होता, असे शिपायाने सांगितले होते. त्या वेळी काका पिंजऱ्यात होते की नाही, हे मला माहीत नव्हते. मी मागच्या खोलीत डबा खात होतो. मला लिहायचे होते ते असे: कॅशियर त्या वेळी आत असतील तर त्यांनी त्या माणसाला पाहिले असेल. म्हणजे त्यांना विचारा, त्यांच्या साक्षीने चोराचा माग लागेल. हेतू त्यांच्या मदतीचा होता. मी कच्च्या कागदावर लिहिले, ‘इफ द कॅशियर वॉज इन हिज केबिन, ही वुड हॅव सीन हिम’. बरोबर लिहिले होते. टंकलेखकाकडे देण्यापूर्वी पुन्हा वाचले, पुस्तक आठवले, आणि ‘वॉज’ खोडून मी ऐटीत ‘वेअर’ केले.

चौकशीला वरच्या कार्यालयातून एक अधिकारी आले. इंग्रजी उत्तम, स्वभाव काटेकोर. त्यांनी माझे वाक्य वाचले आणि त्याचा जो अर्थ होतो तो घेतला: कॅशियर आत असते तर त्यांनी पाहिले असते, अर्थात ते आत नव्हते. भूतकाळाबद्दल असे म्हणताना ‘हॅड बीन’ लिहिणे अधिक काटेकोर झाले असते, हे खरे. पण ‘वेअर’ने दिशा दाखवायची ती दाखवलीच. पिंजरा उघडा टाकून, कुणाला न सांगता जागा सोडली, असा आरोप काकांवर आला. त्याला आधार म्हणून एका जबाबदार अधिकाऱ्याचे लेखी विधान होते. तो अधिकारी मी.

चौकशीत मला बोलावले. समोर माझाच कागद ठेवून त्यांनी विचारले, हे वाक्य तुमचे का? मी होय म्हणालो. विचारपूर्वक लिहिले का? होय. खोलीत पंखा फिरत होता. काका समोर बसले होते. त्यांना इंग्रजी वाचता येई, पण ‘वॉज’ आणि ‘वेअर’मध्ये आपण कुठे हरवलो ते त्यांना उमगले नसावे. आपण आत होतो, एवढेच ते मराठीत पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या क्षणी मला इतकेच म्हणायचे होते: साहेब, मला हे रूप कळत नाही, मी ते शोभेसाठी घातले. मी ते म्हणालो नाही. अज्ञान कबूल करण्याची लाज वाटली. चुकीची साक्ष गेली तरी चालेल पण इंग्रजी चुकलेले चालणार नाही, असा त्या गप्प बसण्याचा अर्थ होता. आज तो स्वच्छ दिसतो.

काकांची एक वेतनवाढ कायमची रोखली गेली. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना ‘कायमची’ या शब्दाचे वजन सांगायला नको. पुढच्या प्रत्येक महिन्याच्या पगारातून आणि निवृत्तीच्या वेळच्या आकड्यातून ती वजा होत राहते. पैशापेक्षाही, जागा सोडून जाणारा कॅशियर हे नाव त्यांना चिकटले. माझी वर्षभरात बदली झाली. पुढे एकदा एसटी स्थानकावर ते भेटले, निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. त्यांनी चहा पाजला, पैसेही त्यांनीच दिले. गाडी लागेपर्यंत वीस मिनिटे होती. वीस मिनिटांत मला बरेच सांगता आले असते. त्यानंतर ते गेल्याचेच कानावर आले.

‘सांगता आले असते’ हा आपला संकेतार्थ. याचा अर्थ मी सांगितले नाही. मराठीत मला हे क्रियारूप कधीच चुकले नाही, हेच मला अधिक लागते. त्या दिवशी अहवाल मराठीत लिहायचा असता तर ‘आत असतील तर’च्या जागी ‘आत असते तर’ असे मी झोपेतही लिहिले नसते. ज्या भाषेत आपले बोट ठेचते त्या भाषेत अर्थाची चूक होत नाही. जी भाषा आपण सणाच्या कपड्यासारखी घालतो, तिचे बटण कुठे लागते आहे हे आपल्यालाच दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, हे रूप खुद्द इंग्रजांच्या देशातच मोडीत निघाले आहे, मग एवढा काथ्याकूट कशाला? म्हणणे अगदी खोटे नाही. इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश लिहिणारे फाउलर यांनी १९२६ सालीच हा प्रकार काही ठरावीक जागा सोडल्या तर मरणपंथाला लागला आहे, असा निर्वाळा दिला होता. सॉमरसेट मॉम या कादंबरीकाराने आपल्या टिपणवहीत, ही वही १९४९ साली प्रसिद्ध झाली, त्याला लवकर सोडवावे अशा अर्थाचा शेरा मारला आहे. गंमत अशी की ठरावातला तो ‘बी’ अमेरिकेत चांगला ठणठणीत राहिला आणि विसाव्या शतकात तिथून ब्रिटनमध्येही पुन्हा रुजू लागला. ‘वेअर’ मात्र बोलण्यात मागे पडत गेला. आज सुशिक्षित इंग्रज माणूसही ‘इफ आय वॉज यू’ सहज म्हणतो आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडे मात्र एखाद्याने असे म्हटले की शेजारचा हसतो. ज्यांची भाषा ते सैल, आणि आपण पोलीस.

म्हणून माझे म्हणणे रूपाच्या बाजूने नाही, अर्थाच्या बाजूने आहे. रूप गेले तरी गरज जात नाही. ठाऊक असलेले, ठाऊक नसलेले आणि नसलेले, या तिन्हींना वेगळे ठेवण्याची सोय प्रत्येक भाषा कुठे ना कुठे करते. जर्मन वृत्तपत्रांत दुसऱ्याचे म्हणणे सांगताना क्रियापदाचे वेगळेच रूप वापरतात. वाचकाला कळते की हे बातमीदाराचे मत नव्हे, त्या माणसाचे म्हणणे आहे. आपल्याकडे हे काम ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा शब्द करतो. ‘तो आत नव्हता’ आणि ‘तो म्हणे आत नव्हता’. कोपऱ्यावरच्या गप्पांतही आपण ही काळजी घेतो, आणि कागदावर उतरलो की विसरतो. हल्ली तर मोबाइलवरून एकाने ‘असेल’ म्हणून पाठवलेली गोष्ट तिसऱ्याकडे ‘आहे’ होऊन पोचते. रूप गळून पडते, माणूस अडकतो.

दुसरे म्हणणे शाळांसाठी. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. ते यावे, उत्तम यावे. पण ते मराठीच्या खांद्यावर बसवून आणावे. आपल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या कल्पनेचे निबंध लिहिले आहेत. ‘मी पंतप्रधान झालो तर’ आणि ‘परीक्षा नसत्या तर’ हे दोन विषय शेजारी ठेवा. पहिल्यात दार उघडे आहे. पोर उद्या पंतप्रधान होऊही शकते. दुसऱ्यात दार बंद आहे. परीक्षा आहेतच, आणि मार्चमध्ये आहेत. ‘झालो तर’ आणि ‘नसत्या तर’ यांतला हा फरक ज्याला दाखवला त्याला ‘वॉज’ आणि ‘वेअर’ दाखवायला पाच मिनिटे पुरतात. उलट नुसता नियम पाठ करून घेतला तर त्यातून माझ्यासारखा ‘इफ’ दिसला की ‘वेअर’ ठोकणारा अधिकारी तयार होतो. लाल रेघेशेजारी एक मराठी वाक्य लिहिले तर छडीचीही गरज नाही आणि पुस्तकाचीही.

तिसरे, ज्यांच्या लिहिण्यावर दुसऱ्याची भाकरी अवलंबून असते त्यांच्यासाठी. अहवाल लिहिणारे अधिकारी, पंचनामा लिहिणारे हवालदार, मुलांविषयी शेरा लिहिणारे शिक्षक. पाहिले ते एका ओळीत लिहावे. पाहिले नाही ते दुसऱ्या ओळीत, ‘मी पाहिले नाही’ असे लिहावे. दोन्ही एका ‘इफ’मध्ये कोंबू नयेत. मी तसे केले असते तर वाक्य बाळबोध दिसले असते, आणि कुणाचे काही बिघडले नसते. आणि विचारणाऱ्याने ‘हे तुमचेच वाक्य का’ असे विचारले, तर त्याचा अर्थ काय होतो हेही त्यालाच विचारून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. मला तो वाटला, त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

त्या रविवारी नातीला मी हे सगळे सांगितले नाही. तिला एवढेच विचारले, “तू पक्षी आहेस का?”

“नाही.”

“नक्की माहीत आहे?”

“आबा, काय विचारता! नक्की.”

“मग ‘वेअर’ लिही. आणि ज्या दिवशी नक्की माहीत नसेल, त्या दिवशी लिहू नकोस.”

तिने ‘वेअर’ लिहिले, वही मिटली आणि पोह्यांवर खोबरे आहे का ते पाहायला गेली. तो अहवालाचा कच्चा कागद अजून माझ्या कपाटात आहे. ‘वॉज’वरची रेघ फिकी झाली आहे, पण खाली काय लिहिले होते ते स्पष्ट वाचता येते. एक दिवस तोही तिला दाखवावा असे मनात आहे.